प्रमाण न लिहिलेला नकाशा

आज सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू हातात वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन दारात उभ्या होत्या. काकांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, असल्याचे निदान होऊन जेमतेम दोन महिने झाले आहेत. कात्रणावर चार स्तंभ व्यापणारा मथळा होता: ‘कंपवातावर अखेर विजय, जपानी शास्त्रज्ञांची किमया’. काकू म्हणाल्या, “तुमच्या बाबांनाही हेच होतं ना? मग जपानला कुठे लिहायचं असतं, ते जरा सांगता का?” त्यांच्या भाच्याने तोवर शहरातल्या एका खासगी दवाखान्याचा पत्ताही शोधून ठेवला होता, तिथे म्हणे ‘तीच जपानी उपचारपद्धती’ साडेचार लाखांत मिळते. मुदत ठेव मोडायची तयारी झालेली होती. काकू चहा घेऊन गेल्या आणि तेव्हापासून मी धुमसतो आहे, म्हणून ही पोस्ट लांबणार आहे.

माझे वडील पाटबंधारे खात्यात आरेखक होते. ट्रेसिंग पेपरवर रॉटरिंगच्या पेनाने धरणाचे छेद काढण्यात त्यांची हयात गेली आणि त्यांचे अक्षर असे होते की छापलेले वाटावे. २०११ मध्ये त्यांना कंपवाताचे निदान झाले, तेव्हा हात थरथरायला सुरुवातही झालेली नव्हती. आधी अक्षर बारीक होऊ लागले होते. या आजारात हे अनेकांचे होते. मेंदूच्या एका लहानशा भागातील, डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, आणि ज्या हाताने ओळभर अक्षरे एकाच उंचीची काढली त्या हाताची अक्षरे ओळीच्या शेवटी मुंगीएवढी होतात. त्याच वर्षी बाबांनी अप्पा बळवंत चौकातून एक हिरवी पुठ्ठ्याची फाइल आणली आणि कंपवाताविषयीची प्रत्येक बातमी कापून तीत लावायला सुरुवात केली. प्रत्येक कात्रणाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख. २०१२ सालची तारीख हातभर अंतरावरून वाचता येते. २०१८ सालची वाचायला मला भिंग लागते. मथळ्यांचा टाइप मात्र आठही वर्षे तेवढाच ठसठशीत राहिला.

काकू गेल्यावर मी ती फाइल काढली. आतापर्यंत एकंदर किती वेळा कंपवात बरा झाला आहे, हे मोजावे असे वाटले. एकोणीस वेळा झाला आहे.

त्यातल्या एका कात्रणाविषयी सांगतो, कारण त्याची पुढची गोष्ट मला माहीत आहे. ते ऑगस्ट २०१७ मधले आहे आणि मथळा ‘मधुमेहाचे इंजेक्शन कंपवात रोखणार’ असा आहे. औषधाचे नाव एक्सेनाटाइड. त्याचा उगम मोठा विलक्षण आहे: अमेरिकेच्या वाळवंटात राहणाऱ्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात जॉन एंग या डॉक्टरांना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एक पदार्थ सापडला, त्यावरून हे औषध तयार झाले आणि २००५ मध्ये ते मधुमेहासाठी बाजारात आले. (आज वजन उतरवणाऱ्या ज्या इंजेक्शनांची आपल्याकडे एवढी चर्चा आहे, ती याच कुळातली. सरड्याच्या विषावर संशोधन करून काय मिळणार, असे विचारणाऱ्यांना तूर्त एवढेच उत्तर पुरे.) लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ते कंपवाताच्या रुग्णांवर वापरून पाहिले आणि ज्यांना औषध मिळाले त्यांच्या हालचाली निष्क्रिय इंजेक्शन मिळालेल्यांपेक्षा थोड्या बऱ्या राहिल्या. हालचाली तपासून डॉक्टर जे गुण देतात, त्यांत साडेतीन गुणांचा फरक होता. बाबांनी ते वाचले, मला इंटरनेटवर मूळ निबंधाचा सारांश काढून द्यायला सांगितले आणि कात्रणाच्या खाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले: ‘६० जण’. बातमीत तो आकडा कुठेही नव्हता.

मी त्या वेळी उत्साहात होतो. म्हटले, बाबा, आपण डॉक्टरांना विचारू या. ते म्हणाले, “नकाशावर प्रमाण लिहिलेलं नसेल तर त्याला नकाशा म्हणत नाहीत, चित्र म्हणतात.” आरेखकाचा तिरसटपणा म्हणून मी ते सोडून दिले. आज सकाळी चार स्तंभांचा तो मथळा पाहताना ते वाक्य असे आठवले की हातातला कप खाली ठेवावा लागला.

आता पुढची गोष्ट. त्याच संशोधकांनी हार न मानता मोठी चाचणी उभी केली: ब्रिटनमधील सहा रुग्णालये, १९४ रुग्ण, ९६ आठवडे. फेब्रुवारी २०२५ मध्ये निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. औषधाचा काहीही उपयोग झाला नव्हता. निष्क्रिय इंजेक्शन मिळालेल्यांची आणि औषध मिळालेल्यांची तब्येत सारख्याच वेगाने खालावली होती. माझ्या दृष्टीने हे या साऱ्या कथेतले सर्वांत देखणे पान आहे. ज्यांनी आशा जन्माला घातली त्यांनीच तिची परीक्षा घेतली आणि ती नापास झाल्याचे स्वतःच्या सहीनिशी जाहीर केले. ज्या दैनिकाने २०१७ मध्ये पाव पान दिले होते, त्यात २०२५ मध्ये एक ओळ आली नाही. मी शोधली. बाबा तोवर नव्हते, ते २०१९ च्या डिसेंबरात गेले. पण त्यांच्यासारखे ज्या कोणी २०१७ चे कात्रण आठ वर्षे जपून ठेवले असेल, त्याला ते फाडून टाकायला कोणी सांगितलेच नाही. याच कुळातल्या लिक्सिसेनाटाइड या दुसऱ्या औषधाने २०२४ मध्ये फ्रान्समधील १५६ रुग्णांत थोडा फायदा दाखवला होता, आणि जवळजवळ निम्म्या जणांना मळमळही दिली होती. म्हणजे प्रश्न पुरता मिटलेला नाही. संशोधन असेच पुढे सरकते, दोन पावले पुढे आणि पावणेदोन मागे. वाचकाला मात्र फक्त पुढची पावले दाखवली जातात.

काकूंच्या हातातल्या कात्रणामागचे संशोधन खरे आहे, हे आधी सांगितले पाहिजे. प्रौढ पेशीला मागे नेऊन पुन्हा कोणतीही पेशी होण्याची क्षमता देता येते, म्हणजे तिची मूलपेशी करता येते, हे जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदरांच्या पेशींवर दाखवले आणि त्याबद्दल त्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळाले. त्याच मार्गाने क्योटोच्या डॉक्टरांनी डोपामिन तयार करणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशी तयार करून रुग्णांच्या मेंदूत बसवल्या, दोन वर्षे लक्ष ठेवले आणि एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अहवाल दिला. रुग्ण होते सात. परिणामकारकता तपासली गेली सहा जणांत आणि त्यांपैकी चौघांच्या हालचालींत सुधारणा दिसली. मुख्य प्रश्न तर हे सुरक्षित आहे का, एवढाच होता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याच अंकात अमेरिका आणि कॅनडामधील अशाच बारा जणांचाही अहवाल होता. हे मोठे काम आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. पण सात माणसांना ‘विजय’ म्हणणाऱ्या उपसंपादकाला मी एकदा काकूंच्या सोफ्यावर बसवू इच्छितो.

भौतिकशास्त्रात हेच होते, फक्त तिथे कोणाची मुदत ठेव मोडत नाही. एप्रिल २०२५ मध्येच केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या, म्हणजे पृथ्वीवर मुख्यतः सजीवांपासून तयार होणाऱ्या वायूच्या, खुणा दिसल्याचे तीन सिग्मा एवढ्या खात्रीने सांगितले (निष्कर्ष निव्वळ योगायोग नसल्याची खात्री सिग्मामध्ये मोजतात). आपल्याकडे दुसऱ्या दिवशी परग्रहवासी दारात येऊन उभे राहिले. इतर गटांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासली आणि त्यांना तो संकेत पटण्याजोगा वाटला नाही, ही बातमी कुठे गेली? याउलट आपल्या शेजारच्या खोडदकडे पाहा. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी वर्षानुवर्षे स्पंदक ताऱ्यांची टिकटिक टिपली आणि जून २०२३ मध्ये युरोपीय सहकाऱ्यांबरोबर निष्कर्ष जाहीर करताना त्यांनी ‘शोध लागला’ असे म्हटले नाही, अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचा ‘पुरावा मिळत आहे’ असे म्हटले. कारण शोध म्हणण्यासाठी पाच सिग्मा लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसे दिसण्याची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक एवढीच उरावी लागते. माणसे एका शब्दासाठी एवढी अडून बसतात. नारायणगावच्या पुढे द्राक्षबागांच्या शेजारी बसून हे काम करणाऱ्यांचा संयम पुण्याच्या छापखान्यापर्यंत पोहोचेपर्यंत कुठे सांडतो, हे मला कळत नाही.

बरे, मान्य करतो की काही वेळा मथळा खरा ठरतो. सिकलसेलवरील जनुक-संपादनाच्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत एका तान्ह्या बाळाच्या एकट्याच्या जनुकीय दोषासाठी बेतून केलेले औषध त्याला दिले गेले. आणि ‘औषध निकामी ठरले’ हे वाचायला कोणी पैसे देत नाही, हेही मला समजते. समजते म्हणून पटते असे नाही.

तरीही वर्तमानपत्र एक वेळ परवडले. माझा खरा राग त्या दवाखान्यावर आहे. आपल्यापैकी कोणी गंडेदोरे मानत नाही, पण भिंतीवर पेशीचे रंगीत चित्र आणि टेबलावर लॅपटॉप असला की आपलीही मान झुकते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात की ठरावीक रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील रक्त-मूलपेशींचे प्रत्यारोपण सोडले तर रुग्णावर मूलपेशींचा कोणताही वापर हे संशोधन समजले जाईल आणि ते केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येईल. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. जिथे दरपत्रक आहे तिथे चाचणी नाही, एवढे काकूंच्या भाच्याला कोणी तरी सांगायला हवे होते. बाबांनाही आमच्या आत्याने वर्षभर खाजकुयलीच्या बियांचे चूर्ण खायला लावले होते. आणि गंमत अशी की त्या बियांत लेव्होडोपा हे कंपवातावरचे औषध खरोखरच असते, म्हणजे बाबांच्या सिंडोपाच्या गोळीत जे असते तेच. पण चमचाभर चुर्णात किती, हे कोणालाच सांगता येत नव्हते. बाबा तेव्हाही “प्रमाण?” एवढेच म्हणाले होते, आणि आत्या रागावून गेली होती.

दुपारभर मला एक प्रश्न सतावत होता. बाबांना जर सगळे कळत होते, आकडे तेच काढून ठेवत होते, तर मग आठ वर्षे कात्रणे का लावली? फाइल पुन्हा उघडली. एकोणीस कात्रणांपैकी चौदांवर पेन्सिलीने काही ना काही लिहिले आहे: ‘उंदीर’, ‘उंदीर’, ‘माकडे ११’, ‘उंदीर’, ‘फक्त पेशी’. तिरसट माणूस. पण एकही कात्रण त्यांनी काढून टाकलेले नाही, आणि शेवटचे, नोव्हेंबर २०१९ मधले, तर कडा मोजपट्टी लावून कापल्यासारखे सरळ आहे. कात्री तेव्हा आई धरत असे. कुठे कापायचे त्या रेघा ते आखून देत, आणि त्या थरथरत्या रेघा मथळ्याच्या दोन्ही बाजूंना अजून दिसतात.

संध्याकाळी मी फाइल घेऊन खाली गेलो. सकाळचा राग तिथे काढता आला नाही. काकांनी बराच वेळ पाने उलटली, आणि सोमवारी न्यूरोलॉजिस्टची भेट होईपर्यंत मुदत ठेवीला हात लावायचा नाही, असे त्यांनीच भाच्याला फोनवर सांगितले. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे मी त्यांना घेऊन जाणार आहे. काकूंनी मात्र निघताना आपले कात्रण परत मागितले. मी दिले. देण्याआधी उजव्या कोपऱ्यात तारीख घातली आणि खाली पेन्सिलीने ‘७ जण’ असे लिहिले.