वॅक्स लावताय की पत्रा घासताय?

नऊशे रुपये मोजून घेतले आणि काळ्या गाडीच्या बॉनेटवर कोळ्याचं जाळं विणून दिलं! सावलीत कळत नाही. उन्हात गाडी काढली की गोल गोल ओरखडेच ओरखडे.

ही वॉशिंग सेंटरवाली मंडळी वॅक्स कसं करतात ते एकदा उभं राहून बघाच. भर दुपार, पत्रा असा तापलेला की हात टेकवत नाही. त्यावर पोरानं बचकभर वॅक्स थापलं. ते लगेच वाळून घट्ट बसलं, निघेना, मग सुरू झाली घासाघाशी. कशानं? तर आत्ताच टायरवरून फिरवलेल्या फडक्यानं! डब्यावर म्हणे कार्नोबा लिहिलंय. असेल बाबा. ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं मेण इतक्या लांबून यायचं आणि इथं चिखलाच्या फडक्यानं रगडलं जायचं.

अरे, जोर लागतोच कुठे याला? गाडी सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या. एका वेळी एकच भाग घ्या. थर इतका पातळ की रंग नुसता धुरकट दिसावा. मग एक बोट ओढून बघायचं. खालून रंग लख्ख दिसला तर पुसा, चिकट फराटा उठला तर थांबा. मायक्रोफायबरची चौघडी करून अलगद उचलायचं, बाजू भरली की पालटायची, शेवटी कोऱ्या फडक्यानं हलका हात. झालं! रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो, केसाहून बारीक. त्यावर वाळू रगडताय तुम्ही!

मालकाला दाखवलं तर म्हणतो, "साहेब, काळा रंग आहे, दिसणारच. पुढच्या वेळी रबिंग मारून घ्या, सगळं जाईल." वा रे वा! ओरखडे यांनीच पाडायचे, मग मशीन फिरवून उरलासुरला थरही यांनीच खरवडायचा, आणि बिल आमच्या नावावर.

वायपरखालच्या जाळीवर, बंपरच्या काळ्या कडेवर पांढरे डाग पडलेत ते वेगळेच. धुतलं तरी हलत नाहीत. दोन पट्ट्या मास्किंग टेपच्या चिकटवायला काय जात होतं? दाराच्या फटीत तर अजून पांढरी पूड सापडतेय.

आणि न सांगता स्टिअरिंगला तेलकट पॉलिश फासलं. "फ्री आहे साहेब!" वळणावर हात सटकतोय माझा, फ्री कसलं डोंबलाचं!