एशियाडचं बास्केटबॉल म्हणजे चीन? आकडे तसं म्हणत नाहीत

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. सार असं: एशियाडमधलं पुरुषांचं बास्केटबॉल सुवर्ण नेहमी चीनच नेतं, कारण हा ताडमाड माणसांचा खेळ, शिवाय तो परक्या मातीतला, म्हणून कोकणातल्या पोरांनी कबड्डी सोडून त्याच्या नादी लागू नये. मी मालवणजवळ शाळकरी पोरांना हा खेळ शिकवतो. त्यातल्या एकाने मला हा मजकूर दाखवला आणि दुसऱ्या दिवशी तो सरावाला आलाच नाही. म्हणून हे लिहितोय.

१९५१ पासून ही स्पर्धा एकोणीस वेळा झाली. चीनची सुवर्णं आठ. फिलिपिन्सची पाच, दक्षिण कोरियाची चार, इस्रायलची दोन. १९८२ ला आपल्याच दिल्लीत कोरियाने अंतिम सामन्यात चीनला ८५-८४ असं एका गुणाने हरवलं. आणि २०१४ च्या आशिया कपमध्ये, वुहानमध्ये म्हणजे चीनच्या घरी, भारताने चीनला ६१-५८ ने हरवलं, हे त्या मजकुरात कुठे आहे?

उंचीचं म्हणाल तर रिंग ३.०५ मीटरवर असते, उंची उपयोगी पडते, नाही कोण म्हणतो! पण २००२ ला बुसानमध्ये चीनकडे २.२९ मीटरचा याओ मिंग होता, तरी जादा वेळेत कोरिया १०२-१०० ने जिंकला.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते फिलिपिन्स. नारळ, भात, मासळी आणि वादळी पाऊस. आपल्यासारखाच मुलूख, माणसंही आपल्याच चणीची. तिथे वाडीवाडीत माडाच्या खोडाला फळी ठोकून पोरं चपला घालून खेळतात. २०२३ मध्ये हांगझौला उपांत्य फेरीत त्यांनी यजमान चीनला ७७-७६ ने हरवलं आणि एकसष्ट वर्षांनी सुवर्ण मिळवलं. त्यांचा हुकमी खेळाडू जस्टिन ब्राउनली अमेरिकेत जन्मलेला, हे खरं. पण अंतिम फेरीतल्या जॉर्डनकडेही तसा एक खेळाडू होताच, आणि निकाल ७०-६० लागला तो फिलिपिन्सच्या बाजूने.

राहिली माती. कबड्डी तर आपलीच ना? १९९० पासून एशियाडमध्ये पुरुषांचं सलग सात वेळा सुवर्ण आपलं. २०१८ ला जकार्तात इराणने आपल्याला उपांत्य फेरीत हरवलं आणि सुवर्ण नेलं. त्यांच्या पोरांना कुणी सांगितलं नाही की हा खेळ तुमच्या मातीतला नाही. आणि कबड्डी सोडायला सांगतंय कोण? पाय चपळ ठेवायची सवय दोन्हीकडे लागतेच.

कोकणातली खरी अडचण त्या मजकुरात आलीच नाही. जांभ्यावर पडलं की गुडघा सोलतो, खाऱ्या हवेने रिंग दोन-तीन वर्षांत गंजते आणि जून ते सप्टेंबर उघड्यावर सराव होत नाही. यंदा शाळेच्या पत्र्याच्या शेडखाली एक फळी लावली आहे. चेंडू आहेत. रोज साडेपाचला सराव असतो, तो मुलगा पुन्हा आला तर त्याची जागा अजून आहे.