डीडीपीला मी नाही का म्हणतो: वसमतहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला नेदरलँड्समधलं गिऱ्हाईक मिळालंय. त्याला हळकुंडं थेट त्याच्या गोदामात हवीत, तिकडचे सगळे कर आणि शुल्क तुम्हीच भरून. म्हणजे डीडीपी. आणि मी मागच्या लेखात लिहून बसलोय की पहिल्यांदा युरोपला माल पाठवणाऱ्याने डीडीपीवर सही करू नये. तुमचा राग मला कळतो.

तुमचे आक्षेप वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. ही एजंटांची भाषा आहे, मराठवाड्यातल्या पोरांना घाबरवून मुंबईच्या दलालाच्या दारात उभं करायची. हळदीवर युरोपात आयात शुल्कच नाही, मग शुल्क आम्ही भरतो म्हणण्यात धोका कसला? संभाजीनगरजवळच्या माळीवाड्याच्या कंटेनर डेपोचं मी केलेलं कौतुक फुकटचं आहे, ट्रक सरळ न्हावा शेवा बंदराला लावलेला परवडतो. आणि शेवटी एक प्रश्न, की भर पावसाळ्यात कंटेनर भरला तर चालतो का.

एजंटाचं आधी. मी संभाजीनगरात याच धंद्यात आहे आणि ते कधी लपवलेलं नाही. पण हिशोब उलटा आहे. डीडीपीच्या मालात एजंटाला जास्त मिळतं. तिकडचं क्लिअरिंग, व्हॅटची व्यवस्था, गोदामापर्यंतची गाडी, सगळं त्याच्याच बिलात चढतं. मी डीडीपी नको म्हणतो तेव्हा माझ्या धंद्याचं बिल लहान होतं.

आता शुल्काचं. तुम्ही बरोबर आहात. हळदीचा कस्टमचा कोड ०९१० ३०, आणि युरोपीय संघात त्यावर आयात शुल्क शून्य. पण शुल्क हा या व्यवहाराचा सगळ्यात छोटा तुकडा आहे. खरा प्रश्न असा, की रॉटरडॅमच्या कस्टमसमोर हा माल कुणाच्या नावाने आयात होणार?

युरोपीय संघाचा कस्टम कायदा १ मे २०१६ पासून लागू आहे. त्याचा साधारण नियम असा, की माल बाजारात सोडण्यासाठी जो घोषणापत्र भरतो तो संघातच स्थायिक असला पाहिजे. वसमतची कंपनी ती नाही. त्यामुळे डीडीपी म्हटलं की तुम्हाला तिथला एक प्रतिनिधी धरावा लागतो, जो स्वतःच्या नावाने पण तुमच्या वतीने कागद भरतो. कस्टमच्या देण्याला तो तुमच्याबरोबर जबाबदार ठरतो, म्हणून तो फुकट उभा राहत नाही. बहुतेक जण आगाऊ पैसे किंवा हमी मागतात, आणि नवख्या कंपनीला सरळ नकारही देतात. शिवाय ईओआरआय नंबर, म्हणजे युरोपच्या कस्टमकडचा नोंदणी क्रमांक, लागतो, तो वेगळा.

मग व्हॅट. नेदरलँड्समध्ये खाण्याच्या वस्तूंवर ९ टक्के. तो नुसत्या मालाच्या किमतीवर नाही, तिथपर्यंतचं भाडं आणि खर्च धरून लागतो. समजा माल आणि खर्च मिळून २२,००० युरो झाले, तर १,९८० युरो व्हॅट. तुमचं गिऱ्हाईक स्वतः आयातदार असेल आणि त्याच्याकडे तिथली आर्टिकल २३ ची परवानगी असेल, तर त्याला हे पैसे बंदरावर भरावेच लागत नाहीत, नेहमीच्या विवरणपत्रात तो ते दाखवतो आणि तिथेच वळते करतो. तुम्ही आयातदार झालात तर एक तर तिथला कर प्रतिनिधी नेमा, नाही तर रोख भरा आणि परताव्याच्या मागे लागा. ज्याला जे काम सहज जमतं ते त्याच्याकडून काढून, ज्याला ते सगळ्यात महाग पडतं त्याच्या गळ्यात घालायचं, असा हा सौदा आहे. तुमच्या किलोमागच्या नफ्यात तो बसत नाही हो.

आणि हे सगळं माल चांगला निघाला तर. हळदीत माझा जीव खालीवर होतो तो इथेच.

युरोपात हळदीच्या मर्यादा कडक आहेत. शिसं किलोमागे १.५ मिलिग्रॅमपर्यंत. अफलाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष, त्यातलं बी१ किलोमागे ५ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफलाटॉक्सिन १०. जंतू मारायला वापरतात तो इथिलीन ऑक्साइड गॅस, त्याचा अंश ०.१ मिलिग्रॅम. २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात हेच इथिलीन ऑक्साइड सापडलं आणि युरोपभर दुकानांतून माल परत बोलवावा लागला. तेव्हापासून आपल्या मसाल्यांकडे तिथे जास्त बारकाईने बघतात. कुठल्या देशाच्या कुठल्या मालाची सीमेवर जादा तपासणी करायची, ती यादी सहा महिन्यांच्या आत नव्याने बघितली जाते. म्हणून सौदा करताना एकदा आणि बुकिंगच्या आधी परत एकदा यादी बघा.

तुमच्या कंपनीची अडचण व्यापाऱ्यापेक्षा वेगळी आहे, कारण तुमचा माल अनेक घरांतून येतो. एकाने बॉयलरमध्ये शिजवून ताडपत्रीवर खडखडीत वाळवलेली असते. दुसऱ्याची शिजवल्यावर अवकाळीत सापडून ढिगातच राहिलेली असते. तिसऱ्याने भाव यावा म्हणून पॉलिशच्या ढोलात पिवळा रंग टाकून घेतलेला असतो, आणि त्या रंगात लेड क्रोमेट असेल तर शिसं तिथून येतं. हे तिन्ही ढीग एकत्र झाले की लॉट एकच, आणि रिपोर्टही एकच. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याचा नमुना वेगळा काढा, पोत्यावर त्याचा नंबर टाका, आणि पॉलिश करण्याआधीचा मालच विकत घ्या. ढोल कंपनीचा स्वतःचा असू द्या. निर्यातीच्या लॉटची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करून मगच पोती शिवा. जंतू मारून द्या असं गिऱ्हाईक म्हणालं तर वाफेची प्रक्रिया घ्या. गॅसची प्रक्रिया स्वस्त पडते असं कुणी सुचवलं तर कुठला गॅस ते विचारा, आणि इथिलीन ऑक्साइड असेल तर तिथून उठा.

आता असा माल तिकडे अडला आणि तुम्ही डीडीपीवर आहात असं धरा. अन्नाच्या कायद्यात आयात करणारा जबाबदार. म्हणजे कंटेनर बंदरावर उभा, जागेचं भाडं रोज चढतंय, कंटेनर अडकवून ठेवल्याचं शिपिंग लाइनचं शुल्क, म्हणजे डिटेन्शन, वेगळं, प्रयोगशाळेचं बिल वेगळं, आणि माल नष्ट करायचा की परत आणायचा हा निर्णय वसमतला बसून तुम्ही घेताय. माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक कुठल्याही अटीत पैसे अडवणारच, ते मी नाकारत नाही. पण तो स्वतः आयातदार असेल तर कागद, यंत्रणा आणि भाषा तरी त्याच्या हातात असते, आणि अडकलेला माल सोडवण्यात त्याचाही जीव अडकलेला असतो.

मग गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं का? अजिबात नाही. त्याला दारात माल हवाय, तो द्या. फक्त डीडीपीऐवजी डीएपी लिहा. त्याच्या गोदामापर्यंतचं भाडं तुमचं, आयातीचं क्लिअरिंग आणि व्हॅट त्याचं, गाडीतून उतरवून घेणंही त्याचं. करारात गावाचं आणि गोदामाचं नाव घाला आणि पुढे 'इनकोटर्म्स २०२०' लिहा, डीडीपी-डीएपी या अटींचे आंतरराष्ट्रीय नियम ते हेच. आयातदार तोच, हे वेगळ्या ओळीत लिहून घ्या आणि त्याचा ईओआरआय नंबर सौदा ठरतानाच मागा. धंद्यातल्या खऱ्या आयातदाराकडे तो असतोच. नंबर द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला डीडीपी का हवंय याचा विचार आधी करा.

हा नंबर तसाही लागणारच आहे. युरोपला जाणाऱ्या जहाजांसाठी २०२४ च्या जूनपासून नवी आगाऊ माहितीची पद्धत सुरू झाली. कंटेनर न्हावा शेवाला जहाजावर चढण्याच्या किमान २४ तास आधी शिपिंग लाइनने मालाचा तपशील तिकडे पाठवायचा असतो. त्यात सहा आकडी कोड लागतो, माल घेणाऱ्याचा ईओआरआय लागतो, आणि वर्णन स्पष्ट लागतं. नुसतं 'मसाले' चालत नाही. 'वाळलेली अख्खी हळकुंडं' असं इन्व्हॉइसवर, पॅकिंग लिस्टवर, शिपिंग बिलावर आणि बीएलवर, म्हणजे शिपिंग लाइन देते त्या मालाच्या पावतीवर (बिल ऑफ लेडिंग), एकसारखं हवं. वर्णन धूसर असलं की प्रश्न येतात, आणि तिकडून 'चढवू नका' असा निरोप आला तर कंटेनर धक्क्यावरच राहतो.

डीएपीतही एक खाच आहे, ती आत्ताच सांगतो. गिऱ्हाईकाने माल सोडवलाच नाही तर करारानुसार जोखीम त्याची, पण शिपिंग लाइन बीएलवर ज्याचं नाव त्याच्याकडेही बोट दाखवते, आणि तिथे तुम्ही आहात. म्हणून बुकिंगच्या वेळीच तिकडे कंटेनर बिनशुल्क किती दिवस ठेवता येईल ते लेखी घ्या, ॲडव्हान्स इतका घ्या की माल टाकून देणं गिऱ्हाईकाला परवडू नये, आणि बाकी रक्कम येईपर्यंत मूळ बीएल सोडू नका.

माळीवाड्याबद्दल तुमचं अर्धं पटतं. माल काही पॅलेटचाच असेल, दुसऱ्यांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये जाणार असेल, तर ट्रक सरळ न्हावा शेवाच्या गोदामातच जाऊ द्या. फक्त 'भाडं शून्य' म्हणणाऱ्या कोटेशनला भुलू नका, ते पैसे तिकडे गिऱ्हाईकाच्या बिलात निघतात आणि पुढच्या ऑर्डरच्या वेळी तो ते बोलून दाखवतो. पूर्ण कंटेनर असेल तर मात्र माळीवाड्याचा भाव मागाच. कस्टमचा निर्यातीचा शेरा इथेच मिळतो. कागदात काही चुकलं तर तुमचा माणूस त्याच दिवशी पोहोचतो, रायगडात गाडी उभी करून फोनवर भांडावं लागत नाही. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू झाल्यावर रस्त्याचा हिशोबही बदललाय, त्यामुळे दोन्ही भाव एकाच दिवशी घेऊन बघा. दरवेळी उत्तर एकच येईल असं नाही.

पॅलेटवर पाठवणार असाल तर लाकडाच्या प्रत्येक पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखी खूण असलेला शिक्का बघा, त्यात 'आयएन' आणि 'एचटी' ही अक्षरं हवीत. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याचा तो पुरावा. शिक्का नसलेलं एक पॅलेट घुसलं तरी सगळी खेप अडू शकते.

वाळूजच्या वाचकांनी त्याच मागच्या लेखाखाली बोल्ट आणि फास्टनरबद्दल विचारलंय. त्यांना एवढंच, की युरोपीय संघात सीबॅम, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर पैसे लावणारा कायदा, १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण लागू आहे आणि त्याची जबाबदारी आयातदारावर पडते. वर्षाला ५० टनांच्या आतल्या आयातदाराला सूट आहे. डीडीपीवाल्यांनी तर हे आधी वाचा. सविस्तर वेगळं लिहीन.

आता पावसाळ्याचं. भरता येतो, पण दिवस बघून. पोती गोदामात कोरडी असली तरी ओल्या हवेत भरलेला कंटेनर समुद्रात गरम-गार होत राहतो, आतल्या छताला पाणी धरतं आणि ते वरच्या पोत्यांवर टपकतं. लाल समुद्राच्या धोक्यामुळे २०२३ च्या अखेरपासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. तुमचं जहाज त्या वाटेचं असेल तर दहा-बारा दिवस जास्तीचे धरा, तेवढा वेळ जास्त हे चालू राहतं. म्हणून रिकामा कंटेनर आला की एकाला आत उभं करून दारं लावून घ्या. उजेडाचा ठिपका दिसला तर तो कंटेनर परत करा. लाकडी तळ हाताने चाचपून बघा, ओला किंवा वासाचा असेल तरी परत. तळाला आणि भिंतींना क्राफ्ट कागद लावा, ओल शोषणाऱ्या पिशव्या छताजवळच्या कड्यांना टांगा, आणि हळकुंडाची आर्द्रता भरतानाच मोजून कागदावर लिहा. रिमझिम चालू असेल तर त्या दिवशी दार उघडू नका. शिपिंग लाइनला एक दिवस पुढचा मागून घ्या.