वाहन क्रमांक : पाव

पणजीतल्या एका सरकारी इमारतीच्या फाटकावर जी नोंदवही असते, तिच्या गेल्या सोमवारच्या पानावर माझे नाव पूर्ण आणि शुद्ध लिहिलेले आहे. नावापुढे येण्याचे कारण 'एक-चौदा' असे आहे, आणि त्याच्याही पुढे, 'वाहन क्रमांक' या रकान्यात, 'पाव' असे आहे. महाराष्ट्रात सात-बारा, तसा आमच्याकडे एक-चौदाचा उतारा. त्याची सही-शिक्क्याची प्रत मला हवी होती. पाव मला नको होते, मी ते विकत नाही, आणि त्या दिवशी माझ्याजवळ एकही पाव नव्हता. तरीही नोंद झाली ती झाली, आणि सरकारी वहीतली नोंद खोडायची तर वेगळा अर्ज करावा लागतो.

हा सगळा प्रकार सायकलीमुळे झाला. माझी सायकल ॲटलास कंपनीची, २४ इंची फ्रेमची, सळ्यांच्या ब्रेकची आहे. म्हापशात एका बेकरीच्या मागच्या भिंतीला टेकून ती गंजत उभी होती, तिथून मी ती घेतली. मला जुन्या सायकली घेऊन त्या दुरुस्त करण्याची खोड आहे आणि या खोडीला गोव्यासारखी वाईट जागा नाही. इथल्या खाणींतून लोखंडाचा दगड वर्षानुवर्षे बोटीत भरून परदेशी गेला, आणि जे लोखंड मागे उरले ते खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून परत मातीत घालण्याच्या उद्योगात आहेत. या सायकलीच्या क्रँकची कॉटर पिन, म्हणजे पेडलाचा दांडा आसाला घट्ट धरणारी खीळ, काढायला मी बसलो तेव्हा ती आणि क्रँक एकजीव झालेली होती. अशा पिनेचा नट शेवटच्या आट्यापर्यंत सैल करून त्याच्यावरच हातोडी मारावी, म्हणजे आटे बसत नाहीत, हे मला ठाऊक होते; पिनेला मात्र ते ठाऊक नव्हते, त्यामुळे ती निघण्याऐवजी वाकली. शेवटी म्हापशाच्या एका म्हाताऱ्या मेस्ताने क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा टेकवून एकाच घावात ती बाहेर काढली, आणि माझ्याकडे न पाहता ती माझ्या तळहातावर ठेवली. मागच्या चाकाच्या हबमध्ये एकेका बाजूला पाव इंची ९ छर्रे असतात, आणि ते डिझेलमध्ये धुण्यासाठी घरातल्या बशीखेरीज योग्य भांडे नसते, याविषयी आमच्या घरात मतभेद आहेत. ते इथे लिहीत नाही.

बेकरीची असल्यामुळे सायकलीला मागे भलामोठा कॅरिअर आहे. तो मी काढला नाही, कारण त्यावर बाजाराची टोपली बसते. पाऊस कधी येईल याचा नेम नसल्यामुळे त्या टोपलीवर निळे प्लास्टिक असते. आता गोव्यात सकाळच्या वेळी मोठ्या कॅरिअरची सायकल, तिच्यावर टोपली आणि टोपलीवर निळे प्लास्टिक असे दिसले, की माणसे आपोआप सुटे पैसे शोधू लागतात. पोदेराचा, म्हणजे सायकलीवरून दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा ऐकल्याशिवाय अर्धा गोवा चहा घेत नाही, हे मी जाणून आहे आणि पोदेराविषयी मला नितांत आदर आहे. उंडे, पोयी, काकणे आणि कातरे पाव घेऊन तो पहाटेपासून जे अंतर कापतो ते मला झेपणार नाही. पण त्याला लोक गेटवर येऊन भेटतात, आणि मला गेटवरून हाकलतात.

मी बेतीहून फेरीबोटीने पणजीत येतो. पणजीपाशी मांडवीवर आज तीन पूल आहेत, पैकी जानेवारी २०१९ मध्ये उद्घाटन झालेल्या अटल सेतूवर दुचाकीलाच मज्जाव आहे, आणि उरलेल्या दोहोंवर बसगाड्या ज्या प्रेमाने जवळून जातात ते मला सोसत नाही. फेरीबोटीत कोणी मला काही विचारत नाही. त्यामुळे फाटकाशी पोचलो तेव्हा मी प्रसन्न होतो, इतकेच सांगून पुढे जातो.

फाटकावरचा रखवालदार वयाने माझ्याहून मोठा, सिंधुदुर्गातला, इस्त्रीच्या गणवेशातला. त्याने मला लांबूनच हात केला आणि म्हणाला, "कँटीनचे पाव मागल्या दारान!"

मी पाव आणलेले नाहीत, मला आत काम आहे, असे सांगितल्यावर त्याने प्लास्टिक उचलून टोपलीत डोकावून पाहिले. तिथे फाइल होती. फाइल पाहून तो जरा वरमला आणि "साहेब" म्हणाला, एवढाच काय तो त्या सकाळचा माझा विजय. मग त्याने वही उघडली, माझे नाव विचारले, आडनावातला रफार नीट काढला, आणि पेन पुढच्या रकान्यावर टेकवून म्हणाला, "गाडयेचो नंबर?"

"मामा, सायकलीला नंबर नसतो."

"नंबर नाय तर गाडी आत जावची नाय."

"मग बाहेर भिंतीला लावतो."

"भिंतीक काय एक लावूचा नाय. साहेबांची ऑर्डर असा."

मी त्याला समजावले. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्याच्या कलम २ च्या २८व्या पोटकलमात मोटार वाहनाची व्याख्या आहे, ते यंत्रशक्तीने चालणारे असावे लागते, आणि कलम ३९ प्रमाणे नोंदणी लागते ती अशा वाहनाला. सायकल माझ्या पायांच्या शक्तीने चालते आणि माझे पाय कुठेही नोंदलेले नाहीत. त्याने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले. इतक्या लक्षपूर्वक माझे बोलणे घरीही कोणी ऐकत नाही. मग तो म्हणाला, "कायदो माका म्हायत नाय, साहेब. माका वही म्हायत असा."

यावर उत्तर नाही. मी अजूनही शोधतो आहे.

त्याने सुपरवायझरला फोन लावला. तो लागेपर्यंत आम्ही दोघे उन्हात उभे होतो, आणि तेवढ्यात आतबाहेर करणाऱ्या मोटारी मी पाहत होतो. काळ्या काचांची एक गाडी आली, तेव्हा त्याने वही बगलेत मारून सलाम ठोकला. तिचा नंबर कोणी लिहिला नाही. ती आत जाऊन दुचाकींसाठी पिवळे पट्टे मारलेल्या जागेत आडवी उभी राहिली, आणि तिनेच जागा अडवल्यामुळे नंतर आलेल्या स्कूटरवाल्यांवर रखवालदार ओरडला. या शहरात सायकल लावायची कुठे, हा प्रश्न मी अनेक जबाबदार माणसांना विचारला आहे आणि सगळ्यांनी मला सायकल चालवणे प्रकृतीला कसे चांगले असते ते सांगितले आहे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याची हाक दिली, आणि त्या तारखेचे नाव पणजीच्या भर बाजारातल्या रस्त्याला आहे. त्या रस्त्यावर मला सायकल बांधायला आजवर विजेच्या खांबाखेरीज काही सापडलेले नाही, आणि त्या खांबामागचा दुकानदार मला तेही स्वातंत्र्य देत नाही. मोटारींसाठी पट्टे, मोटारसायकलींसाठी पट्टे, पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे, पायलटांच्या, म्हणजे भाडे घेऊन मागे माणूस बसवून नेणाऱ्यांच्या, मोटारसायकलींना पिवळा मडगार्ड. प्रत्येकाचा रंग ठरलेला आहे. रविवारी पहाटे मिरामारहून दोना पावलाकडे घट्ट कपड्यांत जाणारे सायकलस्वारही लोकांना कळतात, कारण त्यांची सायकल मोटारसायकलीपेक्षा महाग असते आणि ते कामाला चाललेले नसतात. कामासाठी, साध्या पँटीत, साध्या सायकलीवरून जाणारा मध्यमवयीन माणूस मात्र पोदेर तरी असावा किंवा त्याची गाडी बँकेने ओढून नेलेली असावी.

फोन लागला. पलीकडून आदेश आला की चेसिस नंबर लिहून घ्या.

सायकलीचा फ्रेम नंबर बहुधा पेडलांच्या आसाच्या नळीला खालून ठोकलेला असतो. तो वाचायचा तर सायकल उलटी करावी लागते. मी ती केली. सीट आणि हँडल तांबड्या मातीत टेकवून, चाके वर करून, भर रस्त्यात ती उताण्या झुरळासारखी पडली, आणि नव्याने भरलेले ग्रीस ऊन लागून माझ्या बाहीवर उतरले. गर्दी जमायला एवढे पुरते. छत्री घेतलेल्या एका बाईंनी, काय हरवले, असे विचारले. समोरच्या थांब्यावरचा एक पायलट येऊन चाक हाताने फिरवून गेला आणि, "इतल्या वतांत (उन्हात) सायकल कोण मारता रे बाब?" असे मला न विचारता गर्दीला विचारता झाला. मी किल्लीने रंग खरवडत होतो. या सायकलीवर रंगाचे थर इतके होते की खाली जाता जाता मला बेकरीची सगळी कारकीर्द दिसली: निळा, मग हिरवा, मग चंदेरी, आणि त्याखाली मूळचा काळा. शेवटी आकडे दिसू लागले. रखवालदार माझ्या शेजारी उकिडवा बसून ते मोठ्याने वाचत होता. सुरुवातीचे जुळले, मग एक आकडा अडला.

"तीन काय आठ?"

"आठ असावा."

"असावा नको. नक्की सांगा. उद्या कोणी इचारल्यान तर जाब माका देवचो लागतलो."

मी आठ म्हणालो. त्याला ते पटले नाही. बिल पाहिजे, म्हणाला, बिलावर खरा आकडा असेल. जुन्या सायकलीचे बिल कुठून आणणार, असे मी म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच संशय आला. मालक बेकरीवाला, बेकरी बंद, बिल नाही, आकडा धड नाही. मग त्याने कंपनी विचारली, मी ॲटलास म्हटले, आणि तो एकदम सावध झाला. "ती बंद पडली मा?" दुर्दैवाने हे खरे आहे. साहिबाबादच्या ॲटलासच्या कारखान्याला ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, टाळे लागले. "बंद पडलेल्या कंपनीची गाडी मी आत कशी घेव?" असे त्याने विचारले, आणि गर्दीतल्या दोघांनी माना डोलावल्या. दहा मिनिटांपूर्वी माझी सायकल वाहन नव्हती म्हणून आत जात नव्हती. आता ती चोरीचे, बिनकागदांचे, बेवारशी वाहन झाली होती. मला खरोखर राग आला. मी आवाज चढवला, आणि त्याने माझी समजूत घालण्याच्या स्वरात सांगितले की साहेब, गियरची असती तर प्रश्नच नव्हता.

सुटका झाली ती छत्रीवाल्या बाईंमुळे. त्या म्हणाल्या, कँटीनला रोज पोदेर येतो, त्याचे काय लिहिता? रखवालदार थबकला. त्याने थुंकी लावून वहीची पाने मागे उलटली. पोदेराची नोंद खरेच होती, रात्रपाळीच्या कोणीतरी रोज इमानाने केलेली: नाव, वेळ, आणि क्रमांकाच्या रकान्यात 'पाव'. त्याचा चेहरा उजळला.

"आधीची नोंद असा! आता कायएक त्रास नाय."

आणि त्याने वळणदार अक्षरात माझ्या नावापुढे पाव लिहिले. मी हरकत घेतली. त्याने मला विचारले, तुमका आत जावचा असा काय नाय? मला जायचे होते.

आत जेवणाची सुट्टी झालेली होती.

बाहेर पडताना वेळ लिहून सही करावी लागते. मी सही केली, एक शब्द बोललो नाही, आणि सायकलीचे कुलूप काढू लागलो. तो मागून आला. सायकलीकडे आता वेगळ्याच नजरेने पाहत म्हणाला की त्याच्या घरी, बांद्याजवळ, गोठ्यात त्याच्या वडिलांची एक अशीच पडून आहे. चामड्याची सीट, डायनॅमो, सळ्यांचे ब्रेक. "होयी असली तर सांगा."

मी निघून जायला हवे होते आणि निघून जाण्याच्या पूर्ण तयारीतच मी विचारले, "फ्रेम बावीस इंची की चोवीस?"

"चोवीस."

"कॉटर पिना निघतात?"

"निघतत की. तेल घातलेला असा."

"बिल आहे का?"

तो दुखावला. "बापाशीच्या सायकलीचा बिल कोण ठेयता, साहेब?" असे म्हणून त्याने किंमत सांगितली, आणि मी सायकल पुन्हा स्टँडवर लावून तिच्या निम्म्यापासून सुरुवात केली.