रंगावरून प्रवाळ ओळखायला निघालात, तर फसाल

‘घरच्या रीफ टँकमधले (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातले) प्रवाळ फक्त रंगावरून ओळखा’ असा एक तक्ता सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात चार दावे आहेत. सोनेरी-हिरवा तो टॉर्च, जांभळ्या टोकांचा तो हॅमर. टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन हे प्रवाळ सगळे युफिलिया या एकाच प्रजातीतले (genus), खेटून ठेवा. गोनिओपोरा आणि अल्व्हिओपोरा ही एकाच प्रवाळाची दोन नावं. आणि प्रवाळांच्या बटणासारख्या नातलगांपैकी रंगीत झोआ (झोअँथस) निर्धोक, विष फक्त तपकिरी पॅलीत (पॅलिथोआत). चारही चूक, शेवटचा तर जिवावर बेतणारा.

आधी रंग. तपकिरी छटा प्रवाळाच्या आत राहणाऱ्या शैवालाची असते. हिरवा, नारिंगी हे निळ्या दिव्याखाली चमकणाऱ्या प्रथिनांचे. दिवे बदलले, पाण्यात नायट्रेट वाढलं की रंग बदललाच. माझा जांभळ्या टोकांचा हॅमर दोन महिन्यांत मळकट तपकिरी झाला. टोकं मात्र होती तशीच राहिली, आडव्या हातोडीसारखी. बघायचं ते हे. टॉर्चचं शुंडक, म्हणजे सोंडेसारखा अवयव, लांब, बिनफाट्याचं, टोकाला एकच गोळा. फ्रॉगस्पॉनच्या शुंडकाला फाटे, आणि प्रत्येक फाट्यावर बारीक गोळी. प्रवाळ मिटलेला असेल तर थांबा. फांदीवाला हॅमर की फ्रॉगस्पॉन, हे नुसत्या सांगाड्यावरून सांगायची पैज मी तरी लावणार नाही.

‘सगळे युफिलिया’ हेही आता जुनं झालं. 2017 मध्ये हॅमर आणि फ्रॉगस्पॉन फिम्ब्रिआफिलिया या प्रजातीत गेले, टॉर्च मागे राहिला. हा नुसता नावांचा खेळ नव्हे. टॉर्च उभयलिंगी, पिल्लं अंगातच वाढवून सोडणारा. हॅमरची वसाहत एका वेळी नर तरी असते नाहीतर मादी, आणि बीजं थेट पाण्यात सोडते. टँकमध्येही हॅमर-फ्रॉगस्पॉन शेजारी बहुधा गुण्यागोविंदाने नांदतात. टॉर्च मात्र दोघांनाही डंख मारतो.

गोनिओपोराचा वाद मोजून मिटतो: एका पॉलिपला (वसाहतीतल्या एका जिवाला) 24 शुंडकं म्हणजे गोनिओपोरा, 12 म्हणजे अल्व्हिओपोरा. कुळंही वेगळी, अल्व्हिओपोरा तर ॲक्रोपोरा या वेगळ्याच प्रवाळाच्या घरातला.

आता झोआ-पॅली. पॅलिथोआतही झगझगीत हिरवे पॉलिप असतात आणि झोअँथसमध्ये मळकट तपकिरी. खरी खूण अंगात आहे: पॅलिथोआ वाळूचे कण मांसात रुतवून घेतो, झोअँथस घेत नाही. कापताना पातं करकरलं, तर समजा पॅली. पण ओळख पटवायला कापायला जाऊ नका, कारण पॅलिटॉक्सिन हे विष पहिल्यांदा वेगळं केलं गेलं ते 1971 मध्ये, हवाईच्या पॅलिथोआतूनच. दाबलेला पॉलिप पिचकारी मारतो आणि ती थेट डोळ्यात जाऊ शकते, म्हणून हातमोज्यांबरोबर चष्माही हवा. माजलेले पॅली मारायला खडकावर उकळतं पाणी ओतायचा उपाय लोक अजून सुचवतात. उकळण्याने हे विष मरत नाही, उलट वाफेबरोबर छातीत जातं. असं करून घरंच्या घरं दवाखान्यात भरती झाली आहेत. ओळख पटली नसेल तर प्रत्येक झोआ पॅलीच समजून हाताळा.

तक्त्याच्या तळाशी एक ओळ मात्र बरोबर आहे: ‘शंका असल्यास विचारा.’ जरूर विचारा, फक्त निळ्या दिव्याखालचा फोटो पाठवू नका. पांढऱ्या उजेडात दोन काढा, एक फुललेला, एक मिटलेला.