‘एक तोडा, दहा लावा’: पुनर्विकासाच्या ग्रुपवर फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला त्या आठवड्यात ग्रुपवर एक लांबलचक संदेश आला. चार दिवसांनी कोथरूडच्या मावसबहिणीने तोच पाठवला, मग सहकारनगरच्या मैत्रिणीने. त्याचा आशय असा: प्लॉट आपला, म्हणजे झाडंही आपली. परवानगी लागते ती ठरावीक जातींच्या झाडांना. गुलमोहर, रेन ट्री अशा परदेशी झाडांना लागत नाही. एक तोडलं की दहा लावायची असतात, त्यामुळे हिरवाई उलट वाढते. लँडस्केप प्लॅन, म्हणजे आवारातली झाडं आणि बाग दाखवणारा नकाशा, हा फक्त महापालिकेत दाखवायचा कागद असतो. आणि झाडं वाचवत बसलं तर एरिया कमी मिळतो, भुर्दंड सभासदांना.

संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. चाळीस वर्षं लिफ्टशिवाय तिसरा मजला चढलेल्या माणसाला नव्या घराची ओढ असणारच, मलाही आहे. पण यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा आहे आणि तो खरा धरून करारावर सह्या झाल्या, तर नुकसान आपलंच होणार आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘प्लॉट आपला, झाडं आपली’

मालकी आपली, हे खरं. पण शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे आणि तो खासगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे. झाड काढायचं तर कारण देऊन लेखी अर्ज करायचा, सोबत झाडाची जागा दाखवणारा नकाशा जोडायचा. मग वृक्ष अधिकारी प्रत्यक्ष पाहणी करतो. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते आणि तशीच नोटीस खुद्द त्या झाडावरही लावावी लागते. परवानगीशिवाय तोडलं तर दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे.

या कायद्यातली एक व्याख्या प्रत्येक सभासदाने वाचायला हवी. ‘झाड तोडणे’ यात झाड कापणं येतं, जाळणं येतं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणजे बुंध्याची साल गोल सोलणं, मुळांत ॲसिड ओतणं, एका बाजूची मुळं पोकलेनने उखडणं हे सगळं कायद्याच्या भाषेत तोडणंच आहे. “आम्ही हात लावला नाही, ते आपोआप वाळलं” हे वाक्य बांधकामाच्या जागांवर फार ऐकू येतं. ते ऐकलं की आधी बुंध्याजवळची माती उकरून बघावी.

‘परदेशी झाडांना परवानगी लागत नाही’

हा गैरसमज कुठून आला त्याचा मला अंदाज आहे. 1964 चा एक वेगळा वृक्षतोड विनियमन कायदा आहे आणि त्याला सागवान, मोह, आंबा, चिंच अशा झाडांची अनुसूची जोडलेली आहे. शेतात, गावाकडे झाड तोडायचं म्हटलं की लोकांना ती यादी आठवते. शहरातला 1975 चा कायदा झाडांची अशी देशी-परदेशी विभागणी करत नाही. गुलमोहर मादागास्करचा आणि रेन ट्री दक्षिण अमेरिकेकडचा असला, तरी आपल्या आवारात त्यांनाही अर्ज, पाहणी, नोटीस हाच रस्ता आहे. नवीन लावताना देशी झाडं निवडावीत, हा माझाही आग्रह आहे. पण पन्नास वर्षं सावली देणारं झाड केवळ कुळामुळे कापायला मोकळं होत नाही.

‘एक तोडलं तर दहा लावतात, हिरवाई वाढतेच’

सगळ्यांत जास्त पटणारा मुद्दा हाच आहे, कारण आकडा मोठा दिसतो.

आधी नियम बघू. एकास दहा हे प्रमाण येतं ते मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीतून. बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ही मंजुरी लागते आणि तिच्या ठरलेल्या अटींत तोडलेल्या प्रत्येक झाडामागे दहा झाडं लावून जगवायची अट असते. आपल्यासारख्या छोट्या सोसायट्या बहुतेक वेळा त्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाहीत. 1975 च्या कायद्यात 2021 साली सुधारणा झाली. त्या सुधारणेनुसार 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावावी लागतात. रोपं 6 ते 8 फूट उंचीची हवीत, त्यांचं जिओ-टॅगिंग (नकाशावर नेमक्या जागेची नोंद) करायचं आणि सात वर्षं ती सांभाळायची. चाळीस वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात दहा रोपं लावून भागत नाही, चाळीस लागतात. ती आपल्या आवारात मावणार नाहीत हे उघड आहे. मग ती कुठल्या तरी दूरच्या टेकडीवर जातात. उन्हाळ्यात आपल्या खिडकीबाहेर मात्र काँक्रीट तापत राहतं.

आता साधं गणित करू. आमच्या फाटकाजवळच्या झाडाचा छातीच्या उंचीला घेर 190 सेंटीमीटर भरला. म्हणजे खोडाचा व्यास साधारण 60 सेंटीमीटर. बदली रोपाचं खोड 5 सेंटीमीटर व्यासाचं धरू, आणि मी हे सढळ हाताने धरते आहे. खोडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. साठ भागिले पाच म्हणजे बारा आणि बाराचा वर्ग 144. खोडाचं तेवढंच क्षेत्रफळ भरायला अशी 144 रोपं हवीत, तीही सगळी जगली तर. दहा रोपं म्हणजे मूळ झाडाचा चौदावा हिस्सासुद्धा नाही. पानांचा पसारा, पक्ष्यांची घरटी, पावसाचा पहिला मारा अडवणारं छत यांचा हिशोब यात धरलेलाच नाही.

“तोडत नाही, दुसरीकडे हलवतो” असंही सांगतात. वड-पिंपळाच्या कुळातली झाडं पुन्हा मुळं धरण्यात चिवट असतात, त्यांच्या बाबतीत आशा असते. पण जुनी चिंच किंवा आंबा मुळांचा छोटासा गड्डा राखून क्रेनने उचलायचा, ही मोठी जोखीम आहे. हलवण्याआधी मुळं टप्प्याटप्प्याने छाटून कित्येक महिने तयारी करावी लागते. सकाळी जेसीबी आला आणि संध्याकाळी झाड दुसऱ्या खड्ड्यात गेलं, याला पुनर्रोपण म्हणू नये.

‘लँडस्केप प्लॅन म्हणजे नुसता कागद’

असं आपण मानतो म्हणून तो नुसता कागद उरतो.

आमच्या गल्लीतल्या एका इमारतीची गोष्ट सांगते. नकाशावर एक मोठं झाड ‘राखलेले’ म्हणून हिरव्या वर्तुळात दाखवलं होतं. बांधकाम चालू असताना ते तोडलं गेलं नाही, तेवढं खरं. पण दोन वर्षं त्याच्या बुंध्याशी वाळू-खडीचा ढीग होता. सिमेंटचं धुवण तिथेच ओतलं जायचं. तळघराचा खड्डा बुंध्यापासून जेमतेम दोन मीटरवर आला. शेवटी जमिनीची पातळी वाढवायला फूट-दीड फूट मुरूम टाकून वर पेव्हर ब्लॉक बसवले. लोक राहायला आले तेव्हा झाड हिरवंगार होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळायला लागलं आणि पुढच्या पावसाळ्याआधी ‘धोकादायक’ म्हणून कापलं गेलं. तेव्हा परवानगी सहज मिळाली, कारण माणसांच्या जिवाला धोका ठरणारं झाड काढायला कायदा आडवा येत नाही.

असं होतं ते मुळांमुळे. झाडाची बहुतेक मुळं खोल जात नाहीत. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या दोनएक फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. वर माती किंवा मुरूम टाकला की त्यांना हवा मिळत नाही. ट्रक फिरले की माती दगडासारखी दाबली जाते. मुळं मेल्यावरही खोडातल्या साठ्यावर झाड दोन-तीन वर्षं पालवत राहतं, म्हणून दोष कुणावरच येत नाही.

हे टाळायचं तंत्र जगभर ठरलेलं आहे. ब्रिटनमधलं बीएस 5837 हे मानक सांगतं, की खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ बांधकामापासून राखायचं. आमच्या 60 सेंटीमीटरच्या झाडाला हे 7.2 मीटर येतं. आपल्या दाटीच्या प्लॉटवर एवढी जागा पूर्ण वर्तुळात क्वचितच मिळेल, हे मला मान्य आहे. पण किती मिळते आणि कुठल्या बाजूला कमी पडते, हे नकाशावर आधी दिसायला हवं. चांगल्या लँडस्केप प्लॅनचं खरं काम हे आहे. प्रत्येक झाडाला क्रमांक, जात, घेर, उंची, बुंध्याशी जमिनीची पातळी, राखीव वर्तुळ, तात्पुरत्या पत्र्याच्या कुंपणाची रेषा, राडारोडा आणि सिमेंट कुठे ठेवायचं ती जागा, ड्रेनेज आणि केबलच्या चराचा मार्ग. बाकी कारंजं आणि पाम नकाशात नंतरही दाखवता येतात.

मातीचंही तसंच. पर्यावरण मंजुरीच्या अटींत एक ओळ असते: बांधकामाच्या जागेवरची वरची 20 सेंटीमीटर माती काढून वेगळी साठवायची आणि नंतर झाडं लावताना वापरायची. छोट्या प्रकल्पावर ही अट नसली, तरी करारात ती घालायला कुणाची हरकत नाही. प्रत्यक्षात ती माती पहिल्याच आठवड्यात डंपरमधून जाते आणि शेवटी विटांच्या तुकड्यांवर लाल माती पसरून लॉन अंथरलं जातं.

पोडियमवरची, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवरची, बाग हा आणखी एक फसवा भाग. स्लॅबवर मीटरभर मातीत शोभेची झुडपं, पाम, चाफा वाढतील. चिंच किंवा वड वाढणार नाही आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये मुंबईतल्या कोहिनूर प्रकरणात सांगितलं होतं, की सक्तीचं किमान मनोरंजन मैदान जमिनीवरच हवं, पोडियमवर चालणार नाही. नियमावल्या पुढे बदलल्या. मुळांची गरज तीच राहिली.

आणि कागदाला वजन नसतं असं नाही. भोगवटा पत्राआधी (इमारत वापरायला महापालिका देते त्या दाखल्याआधी) उद्यान विभागाचा ना-हरकत दाखला लागतो. रेरा या घर-खरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम 14 नुसार मंजूर आराखडा आणि सामाईक जागा विकासकाला दोन तृतीयांश ग्राहकांच्या लेखी संमतीशिवाय बदलता येत नाहीत. झाड मंजूर नकाशावर नीट नोंदलेलं असेल तर ते नसल्याचा जाब विचारता येतो. नोंदलेलंच नसेल तर ते कधी नव्हतंच.

‘झाडं वाचवली की एरिया कमी होतो’

एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल ते प्रमाण, झाडांच्या संख्येवर ठरत नाही, प्लॉट आणि रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. इमारतीभोवती सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि कुंपण यांच्यातली मोकळी जागा, सोडावंच लागतं आणि जुन्या सोसायट्यांत बहुतेक मोठी झाडं कुंपणाला लागून, म्हणजे याच पट्ट्यात उभी असतात. राज्याच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत 10 टक्के मोकळी जागा सोडायची सक्ती 4,000 चौरस मीटरपासून पुढच्या प्लॉटना आहे. आमचा प्लॉट त्याहून लहान आहे, तुमच्यापैकी अनेकांचा असेल. अशा ठिकाणी हा कडेचा पट्टा हीच काय ती हिरवाई.

खरी अडचण दोन ठिकाणी येते. एक, उंच इमारतीभोवती अग्निशमनाची गाडी फिरायला 6 मीटर रुंद वाट लागते आणि ती झाडाच्या आड येऊ शकते. माणसांच्या जिवापुढे मी झाडाचा हट्ट धरणार नाही. पण इमारत कुठे सरकवायची, वाट कुठल्या बाजूने न्यायची, हे पहिल्या आराखड्याच्या वेळी ठरतं. झाडांचा तक्ता तेव्हा वास्तुविशारदाच्या टेबलावर असला तर निम्मी झाडं तिथेच वाचतात. दुसरी अडचण तळघराची. पार्किंगसाठी कुंपणापासून कुंपणापर्यंत खणलं की कडेचं एकही झाड टिकत नाही. इथे एरिया नाही, गाड्यांची संख्या आड येते. ज्या बाजूला जुनी झाडं आहेत तिथे तळघर चार-पाच मीटर आत घ्यायचं आणि त्या बदल्यात यांत्रिक पार्किंग स्वीकारायचं का, हा प्रश्न सभेत स्पष्ट मांडून मतदानाला टाकावा. तो न विचारताच निकाल लावला जातो, याचं मला दुःख आहे.

एखादं झाड प्लॉटच्या मधोमध असेल तर ते जाईल. कायदाही तशी परवानगी देतो. बाकीच्यांसाठी विकसन करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात असा माझा प्रस्ताव आहे: झाडांचा क्रमांकवार तक्ता कराराला जोडलेला असावा, पोकलेन आवारात येण्याआधी कुंपणं उभी असावीत, राखलेलं झाड ताबा दिल्यानंतर तीन वर्षांच्या आत वाळलं तर भरपाई विकासकाने द्यावी, आणि त्यासाठीची रक्कम सोसायटीकडे अनामत म्हणून राहावी.

आमच्या आवारात 23 झाडं आहेत. टेप घेऊन दोन रविवारी आम्ही तिघींनी ती मोजली. सातांचा घेर दीड मीटरच्या वर आहे, त्यातली पाच कुंपणालगत. तक्ता सचिवांकडे दिला आहे आणि येत्या विशेष सभेच्या विषयपत्रिकेवर तो चौथ्या क्रमांकावर आहे.