डिप्रेशनसाठी डॉक्टर हवाय? मग आधी ठणठणीत बरे व्हा

मागच्या मंगळवारी दुपारी पावणेतीनला, एका सायकिअ‍ॅट्रिस्टच्या वेटिंग रूममधे 31 नंबरचं टोकन हातात धरून बसले असताना मला एकदम ज्ञानप्राप्ती झाली. डिप्रेशनचा डॉक्टर शोधायचा तर माणूस आधी धडधाकट पाहिजे. सकाळी वेळेत उठणारा, फोनवर तेच ते पाच जणांना न चिडता सांगणारा, डेक्कनला पार्किंग मिळवून दाखवणारा. आजारी माणसाचं हे कामच नाही. मी आपली आंघोळीला उठवत नाही अशा अवस्थेत या फंदात पडले आणि तोंडावर आपटले, तुमचं तसं होऊ नये म्हणून चार अनुभवाचे बोल.

पहिलं म्हणजे टायमिंग सांभाळा. नाव असलेल्या डॉक्टरची अपॉइंटमेंट साडेतीन आठवड्यांनी मिळते, त्यामुळे डिप्रेशन यायच्या महिनाभर आधीच नंबर लावून ठेवायचा, लोक मंगल कार्यालय बुक करतात तसा. मी आधी आजारी पडले आणि मग फोन केला. घाई नडते ती अशी. आणि फोन सकाळी नऊ ते साडेनऊच घेतात बरं का, नंतर नुसता वाजत राहतो. या आजारात बऱ्याच जणांना सगळ्यात जड जाते ती सकाळच, हे त्या क्लिनिकमधे माहीत नसेल तर कुठे माहीत असणार, पण नऊ म्हणजे नऊ. तो एक फोन करायला मला अकरा दिवस लागले. अकराव्या दिवशी लागला तर "व्हॉट्सअ‍ॅप करा मॅडम". केलं. दोन निळ्या खुणा आल्या आणि विषय संपला.

घरी सांगायचंच असेल तर थायरॉइड म्हणून सांगा, थायरॉइडला आपल्याकडे मान आहे. (डॉक्टर सुरुवातीला थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह तपासायला लावतातही, कारण त्यात गडबड असली तरी माणूस असाच गळून जातो. माझे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले तर सासूबाईंचा चेहरा उतरला, आता लोकांना सांगायचं काय.)

दिराला तर थायरॉइडसुद्धा सांगू नका. "वहिनी, येरवड्याला बेड बघू का" हा त्याचा एकुलता एक विनोद आहे आणि तो करायला त्याला कारणच हवं असतं. सरकारी मनोरुग्णालयं राज्यात चार, पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. म्हणजे बाकीच्या तीन गावांतही असा एकेक दीर असणार.

व्यायाम करा. हे माझं मत नाही, सोसायटीतले वॉचमनकाका सोडून सगळ्यांचं आहे.

आता जायचं कुणाकडे? हा प्रश्न सोपा वाटतो. आपल्याकडे सगळ्यांना मिळून "मानसोपचारतज्ज्ञ" हा एकच शब्द वापरतात, त्यामुळे दारावरची पाटी बघून काहीही कळत नाही, आणि तीच तर मजा. एमबीबीएस करून पुढे सायकिअ‍ॅट्रीत एमडी केलेला तो सायकिअ‍ॅट्रिस्ट, तो गोळ्या देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतो, गोळ्या लिहू शकत नाही, पण त्याची रिहॅबिलिटेशन काउन्सिल या सरकारी संस्थेकडे नोंदणी असते, ती आपण विचारू शकतो. हे मला आता कळतंय. तेव्हा मी गेले एका "माइंड कोच"कडे, कारण त्याची वेबसाइट छान होती आणि अपॉइंटमेंट दुसऱ्याच दिवशी मिळाली. त्याने 2,000 रुपये घेतले, डोळे मिटायला लावले, माझ्या आतली लहान मुलगी माझ्यावर रुसलीय असं सांगितलं आणि निघताना म्हणाला, "गोळ्यांच्या नादी लागू नका, ते सगळं केमिकल असतं." साहेब, मीठपण केमिकलच असतं. हे मला तिथे सुचलं नाही, जिन्यात सुचलं. डिप्रेशनमधे सगळंच जिन्यात सुचतं.

खऱ्या थेरपीचा दर माझ्या भागात 50 मिनिटांना 1,800. आठवड्यातून एकदा म्हटलं तरी महिन्याचे 7,200 होतात. त्यामुळे डिप्रेशन शक्यतो इन्क्रिमेंटनंतर घ्या.

मेडिक्लेम आहे ना, मग कशाला काळजी! 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की विमा कंपनीने मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं. मी हे वाक्य फोनवर वाचून दाखवलं. समोरचा मुलगा फार गोड होता. म्हणाला, "हो मॅम, कव्हर आहे, पण तुमच्या पॉलिसीत ओपीडी नाही, तुम्ही अ‍ॅडमिट झालात की बघू." म्हणजे थोडी जिद्द ठेवा आणि अजून बिघडा.

मेडिकलवाल्याकडे दुपारी दोनला जा, गर्दी नसते. काउंटरवरचा पोरगा पट्टी उजेडात धरून "याची सवय लागते हं काकू" असं सांगेल, त्यालाही दोनशे रुपये फी देऊन टाका. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, सुरुवातीला मळमळतं, बरं वाटलं तरी आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात, हे मला कुणी सांगितलं माहितीये? मावसबहिणीने. तिने तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून बंद केल्या होत्या आणि मग परत पहिल्यापासून सगळं. डॉक्टरांनी का नाही सांगितलं? तिकडेच येतेय.

तर मंगळवार. माझी वेळ साडेबाराची होती. काउंटरवरच्या मॅडमनी फाइल उघडली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय त्रास होतो?" मी म्हटलं, आत सांगते. "नाही, फाइलवर लिहावं लागतं." मी हळूच म्हटलं, डिप्रेशन. "काय?" डिप्रेशन. "अँ?" मागे खुर्च्यांवर पंधरा-वीस माणसं, टीव्हीवर कुठलीतरी मालिका, त्यात नेमका ब्रेक झाला आणि मी ओरडले "डिप्रेशन!" तिसऱ्या रांगेत आमच्या भिशीतल्या एक काकू होत्या, त्या मोबाइल वाचायला लागल्या. मोबाइल उलटा होता. मग अडीच तास. मधे औषध कंपन्यांचे तीन एमआर बॅगा घेऊन आत गेले, हसत बाहेर आले. समोर एक विशीतला मुलगा आईबरोबर बसला होता, आई दर दहा मिनिटांनी विचारायची "जायचं का घरी?" आणि तो मान हलवायचा, नाही. शेवटी त्याचा नंबर यायच्या आधी ते गेलेच.

मी आत गेले तेव्हा तीन वाजले होते. झोप? नाही लागत. भूक? नाही. कामात लक्ष? नाही. टाइप, टाइप, टाइप. मग डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघतच विचारलं, "जगू नये, असे काही विचार येतात का?"

या प्रश्नासाठी मी साडेतीन आठवडे थांबले होते. विचारतील हे मला माहीत होतं आणि काय सांगायचं, किती सांगायचं, याची रिक्षात तालीम केली होती. मी तोंड उघडलं आणि त्यांचा फोन वाजला. उचलला. कुठल्याशा कॉन्फरन्सची फ्लाइट, सकाळची की संध्याकाळची. संध्याकाळची ठरली. फोन ठेवला आणि म्हणाले, "बीपी, शुगर काही?"

मी म्हटलं, नाही.

सहा मिनिटं. फी 1,500, रोख, पावती मागितली तर मिळेल.

आता मला कुणी आकडे सांगू नका, पाठ आहेत. देशात लाखामागे पाऊण सायकिअ‍ॅट्रिस्ट आहे, हवेत तीन, 2023 मधे संसदेच्या समितीनेही हेच लिहिलंय. डॉक्टर दमतात, कबूल. पण फोन सायलेंटवर टाकायला लाखामागे किती माणसं लागतात? तो प्रश्न विचारून उत्तर न ऐकणारा माणूस डॉक्टर असला तरी त्याला नालायकच म्हणायचं, मी म्हणते. आणि नाव-आजार पुकारायला ते काय रेशनचं दुकान आहे? एक कागद द्या, पेन द्या, लिहून देतो आम्ही, सगळ्यांना लिहिता येतं.

आणि तुम्ही. हो, तुम्हीच, 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, स्टेटसला हिरवी रिबीन लावून "मनात साठवू नका, बोला" लिहिणारे. बोलले ना मी! काउंटरवर ओरडून बोलले. पुढच्या वेळी रिबीन नको, नऊ वाजता तो फोन लावून द्या. माणूस उठत नाहीये तर त्याच्या वतीने अपॉइंटमेंट घ्या, टोकन धरून बसा, त्याला रिक्षातून ने-आण करा. कठीण नाहीये हो. फक्त फॉरवर्ड करण्यापेक्षा जास्त कष्टाचं आहे एवढंच.

त्या रात्री मी नवऱ्याला ते उत्तर सांगितलं, कारण आत सांगायचं राहून गेलं होतं. त्याने एक शब्द न बोलता फोन शोधला आणि 14416 लावला, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारचीच आहे, फुकट, चोवीस तास. साडेअकरा वाजले होते. पलीकडे मराठी बोलणारी एक मुलगी होती. वीसेक मिनिटं बोलले मी तिच्याशी, आणि मधे तिचा फोन वाजला नाही.

आता दुसऱ्या डॉक्टरांची वेळ मिळालीय, 17 तारखेची. नवऱ्याने सुट्टी टाकलीय, काउंटरवर तो बोलणार आहे. पिशवीत पाण्याची बाटली, चार्जर, रिपोर्ट, आणि चार घड्यांच्या कागदावर त्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवलंय. फोन वाजलाच तर सरळ कीबोर्डवर ठेवीन.